तपासायचे पैसे द्यायला शिका, नाहीतर पार्टचे देत राहाल

आपल्याकडच्या गॅरेजमधलं सगळ्यात महाग वाक्य कोणतं, माहितीय? "हे एकदा बदलून बघू."

वाक्य साधं आहे. बोलणारा मिस्त्रीही बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. पण "बघू" त्याचं असतं आणि "बदलून" आपल्या खिशातून होतं. आज याच वाक्यावर जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे, ज्यांचं पोट चारचाकीवर आहे आणि ज्यांची पोरं आयटीआयला मोटार मेकॅनिक ट्रेडला आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आजार कोणता ते आधी सांगतो. गाडी मस्त चालू असते. लातूरहून निघालात, चाकूर मागे पडलं, अहमदपूर आलं, आणि चालत्या गाडीत इंजिन गप्प. धक्का नाही, आवाज नाही. कडेला घेऊन सेल्फ मारला तर सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं झाडाखाली बसलात की गाडी पहिल्याच चावीला चालू! तशीच पुढं लोहा, नांदेड. मग आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी पुन्हा तेच, तेही सिग्नलवर किंवा ओव्हरटेक करताना.

कायमची बंद पडलेली गाडी परवडली. तिचा दोष जागेवर सापडतो. मधेच बंद पडणारी आणि मनाला आलं की चालू होणारी गाडी मिस्त्रीसमोर उभी केली की शहाण्या पोरासारखी वागते. तिथं ती बंद पडतच नाही. मग मिस्त्री काय करणार? अंदाज. आणि अंदाजाचं बिल आपलं.

माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, लोह्याकडचा. नाव लिहीत नाही. जुनी पेट्रोल गाडी, हप्त्यावर घेतलेली. आसपासच्या गावांतले पेशंट विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात आणणं-नेणं हाच त्याचा मुख्य धंदा. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "दादा, गाडी मधीच बंद पडूलाली. आज पेशंट होता आत. बाई माणूस. कळा सुरू झालेल्या. दुसऱ्या गाडीला हात करून पाठवलं." बाळंतीण सुखरूप पोचली. पण त्या दिवसापासून गावातल्या चार घरांनी त्याला फोन करणं बंद केलं. ज्याची गाडी रस्त्यात बंद पडते त्याच्या गाडीत पेशंट कोण घालणार?

आता त्याचा खर्च ऐका. पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. तिसऱ्याने पेट्रोल पंप बदलला, हा सगळ्यात महाग. चौथ्याने "संगणक गेला असंल, तो बघावा लागंल" म्हणून सांगितलं, तेव्हा हा घाबरून गाडी घेऊन निघून आला. तोपर्यंत सत्तावीस हजार गेले होते, आणि धंदा बुडाला तो वेगळा. शेवटी नांदेडात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या वायरमनने गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली, इंजिन तापू दिलं, बंद पडू दिलं आणि बंद पडल्याबरोबर मीटर लावला. क्रँकशाफ्ट सेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू. किंमत दोन हजाराच्या आत. गाडी आजही चालते.

या चौघांपैकी कोणी चोर होता असं मी म्हणत नाही. बॅटरी जुनीच होती. प्लगही खराब असतील. प्रत्येकाने समोर दिसलं ते बदललं. पण चौघांपैकी एकानेही गाडी बंद पडण्याची वाट बघितली नाही. का नाही बघितली? कारण वाट बघायचे पैसे या धंद्यात कोणी देत नाही. माझा मुद्दा हाच आहे, त्याकडे येतोच. त्याआधी हा आजार ओळखायचा कसा, ते थोडं समजून घेऊ. हे समजलं की आपल्याला कोणी सहज गुंडाळू शकत नाही.

पेट्रोल इंजिनला चालायला हवा लागते, पेट्रोल लागतं, ठिणगी लागते, आणि या सगळ्याची वेळ जुळावी लागते. हवा सहसा अचानक गायब होत नाही. म्हणजे चालती गाडी फटकन बंद पडली तर पेट्रोल थांबलं, ठिणगी थांबली किंवा वेळ सांगणारा थांबला. क्रँकशाफ्ट सेन्सर हा तो वेळ सांगणारा. इंजिन किती फिरलं हे तो गाडीच्या कंप्युटरला कळवतो. त्याच्याकडून निरोप आला नाही तर बहुतेक गाड्यांत कंप्युटर ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. त्याला वाटतं इंजिन उभं आहे. या सेन्सरच्या आतली बारीक तार तापली की तुटक होते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. म्हणून वीस मिनिटांनी गाडी चालू होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस असतं, बॉनेटच्या आत काय होत असेल याचा विचार करा.

पण गरम झाल्यावर रुसणारा तो एकटा नाही. पेट्रोल पंपाची मोटर झिजली की तीही तापल्यावर अडकते. इग्निशन कॉइल तसंच करते. रिलेच्या आतलं डाख तडकलेलं असलं की तोही तसंच करतो. लक्षण सगळ्यांचं एकच. म्हणून नुसतं लक्षण ऐकून पार्ट बदलणं म्हणजे ताप आहे एवढं ऐकून मलेरिया, टायफॉइड आणि डेंग्यू तिन्हीची औषधं एकदम सुरू करण्यासारखं आहे.

मग फरक कसा करायचा? गाडी बंद असते त्या वीस मिनिटांत. पुरावा तेवढ्याच वेळात असतो. गाडी चालू झाली की पुरावा संपला. सुरक्षित जागी असाल, गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला असेल, तर एवढं बघा आणि मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवा:

– सेल्फ फिरतो का? नुसता टकटक आवाज येतो, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तर बॅटरी, तिची टोकं, अर्थिंग किंवा अल्टरनेटरकडे बघा. सेल्फ जोरात फिरतो तर बॅटरीला दोष देऊ नका.

– चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घुंऽऽ आवाज येतो का? तो पेट्रोल पंपाचा. एरवी येत असेल आणि आत्ता आला नाही तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग. यातलं सगळ्यात स्वस्त आधी तपासायचं. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले पंपाच्या रिलेसारखाच असतो. दोन्हींवरचा नंबर एकच असेल तरच अदलाबदल करून बघता येते, खर्च शून्य.

– सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का? अजिबात हलत नसेल तर क्रँकशाफ्ट सेन्सरवर संशय घ्या. सगळ्या गाड्यांना हे लागू नाही, पण खूण चांगली आहे.

– चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह असलेला दिवा लुकलुकतो का? गाडी चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद होते का? मग चोरीविरोधी यंत्रणा चावी ओळखत नसेल.

– पेट्रोल टाकीचं झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा जोरात आवाज येतो आणि लगेच गाडी चालू होते का? मग टाकीचा श्वास कोंडतोय. पंपाचा काही दोष नाही.

या पाच गोष्टींना एक रुपया लागत नाही. आणि "साहेब, मधीच बंद पडते" याऐवजी तुम्ही "बंद असताना सेल्फ फिरतो, पंपाचा आवाज येतो, आरपीएमचा काटा हलत नाही" असं सांगितलं की चांगल्या मिस्त्रीचं निम्मं काम होतं. आणि वाईट मिस्त्री सावध होतो.

यापुढचं काम मात्र त्याचं. स्कॅनर लावून नोंद झालेले कोड वाचायचे, पेट्रोलचं प्रेशर मोजायचं, ठिणगी बघायची. इथं एक गैरसमज काढून टाका. स्कॅनरने "पी ०३३५" कोड दाखवला म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सर गेलाच असं होत नाही. त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये घोटाळा आहे, एवढंच तो सांगतो. सेन्सर गेला असेल, त्याचा जोड सैल असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. आपल्याकडे शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या उभ्या असतात. उंदराने खाल्लेल्या वायरी हा इथला फार मोठा आणि फार कमी तपासला जाणारा दोष आहे. कोड बघून पार्ट बदलणं हाही अंदाजच, फक्त स्क्रीनवर दिसणारा.

आणि कधी दोष गाडीत नसतोच. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर एकामागोमाग बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघालं. एकोणीस गाड्या एकदम बंद पडल्या आणि ताफा मुख्यमंत्र्यांचा होता म्हणून रातोरात तपास झाला, पंप सील झाला. तुमची-माझी एकटी गाडी बंद पडली असती तर? कोणीतरी डिझेल फिल्टर बदलून दिला असता, मग इंजेक्टर साफ केले असते, आणि पंपावर तसंच पाणी विकलं गेलं असतं.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ऊस आहे, कारखाने आहेत. इथेनॉलचा पैसा आपल्याच शेतकऱ्यांपर्यंत येतो, त्यामुळे माझा इथेनॉलला विरोध नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, हे रसायन आहे, राजकारण नाही. टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. जुन्या काही गाड्यांचे रबरी पार्ट आणि गास्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. म्हणून गाडी बंद पडायला लागली की शेवटचं पेट्रोल कुठं आणि कधी भरलं, ते आठवा. पावती ठेवा. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता तपासून मागणं हा तुमचा हक्क आहे. मागितलं तर कर्मचारी तोंड वाकडं करेल, करू द्या. मात्र दुसरं टोकही नको. हल्ली गाडीला काहीही झालं की "इथेनॉलमुळं" म्हणायची फॅशन आलीय. तोही न तपासता काढलेला निष्कर्षच.

काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करता? बंद पडली, ढकलली, चालू झाली.

बाऊ का करायचा, ते ऐका. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्या चालता चालता बंद पडायच्या. मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका तरुण नर्सची गाडी अशीच बंद पडली. तिने ती डीलरकडे नेली. त्यांनी इंधन यंत्रणा साफ करून दिली. काही दिवसांतच त्याच गाडीच्या अपघातात ती गेली. दोष इंधनात नव्हताच. चावीचा स्विच ढिला होता. गुडघा लागला किंवा खड्ड्यात गाडी आदळली तरी चावी आपोआप मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत बंद आणि एअरबॅगही बंद. हे शोधून काढलं तिच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तंत्रज्ञांनी. त्यांनी गाडीतला जुना स्विच आणि दुकानातला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवले. नंबर दोन्हींचा एकच, पण आतली रचना वेगळी. कंपनीने आतला पार्ट सुधारला होता आणि नंबर तोच ठेवला होता. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

एकशे चोवीस माणसं. आणि सुरुवात काय होती? "गाडी मधेच बंद पडते."

आपल्याकडे या गोष्टी किती जवळ आहेत ते बघा. होंडाने एप्रिल २०२१ मध्ये भारतात ७७,९५४ गाड्या पेट्रोल पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा नव्वद हजारांवर गाड्या, पुन्हा पेट्रोल पंपासाठी. कारण कंपनीने स्वतः सांगितलं होतं: पंपाच्या आतल्या पंख्यात दोष असू शकतो, त्यामुळे इंजिन बंद पडू शकतं किंवा चालूच होणार नाही. बदली मोफत. आता विचार करा, यातली एखादी गाडी सेकंडहँड होऊन उदगीरला, देगलूरला, किनवटला आली असेल. नव्या मालकाचा मोबाईल नंबर कंपनीकडे नाही. निरोप जुन्या मालकाला गेला असेल. आणि आपला माणूस जो पार्ट फुकट मिळायचा तो गॅरेजमध्ये पैसे मोजून बदलून घेत असेल. म्हणून सेकंडहँड गाडी घेतली की पहिलं काम हे करा: कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून परत बोलावलेल्या गाड्यांत आपली आहे का ते बघा. पाच मिनिटं लागतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन दोषाच्या गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल मालकाला वाहन पोर्टलवर तक्रार करता येते, आणि एका मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी जमल्या की चक्र फिरतं. कागदावर छान आहे. पण इथंच आपली खरी गोम आहे. तक्रार करायला दोष माहीत असावा लागतो. आणि आपल्याकडे दोष कोणी लिहीतच नाही. बिल मिळालंच तर त्यावर काय असतं? "जनरल काम" आणि खाली आकडा. लातूर-नांदेडच्या गॅरेजांत वर्षभरात एकाच मॉडेलच्या पन्नास गाड्यांचा एकच पार्ट गेला तरी ते पन्नास वेगवेगळ्या माणसांचं वेगवेगळं नशीब ठरतं. पन्नास जणांचा एक दोष आहे, हे कोणाला कळत नाही. न तपासलेला दोष मोजला जात नाही, आणि जो मोजला जात नाही त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही.

आता मिस्त्रींची बाजू. ती मांडल्याशिवाय ही पोस्ट अर्धवट राहील.

गाडीत आता दहा-दहा कंप्युटर आहेत. ते वाचायची हत्यारं आणि पुस्तकं बऱ्याच काळापासून कंपन्यांनी आपल्या अधिकृत वर्कशॉपपुरती ठेवली. यावर देशात मोठी केस झाली आहे. शमशेर कटारिया नावाच्या गृहस्थांनी २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू द्यायची नाहीत, हे स्पर्धेच्या विरोधात आहे, असं आयोगाचं म्हणणं होतं. कंपन्या कोर्टात गेल्या, अपिलं झाली, प्रकरण लांबलं. पुढे २०२२ साली केंद्राने "दुरुस्तीचा हक्क" म्हणून समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणं आणि औसा नाक्यावरच्या मिस्त्रीच्या हातात स्कॅनर असणं यात फार अंतर आहे.

त्यात दुसरी गोष्ट. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा. पोरगं पास होऊन बाहेर पडतं तेव्हा त्याला इंजिन खोलता येतं. पण बंद गाडीजवळ मीटर घेऊन बसणं, करंट कुठपर्यंत येतोय ते एकेक टप्पा तपासत जाणं, आणि "अजून सापडलं नाही, उद्या या" असं गिऱ्हाइकाला न लाजता सांगणं, हे त्याने किती वेळा केलेलं असतं? मी ज्या पोरांशी बोललो त्यांचं उत्तर एकसारखं होतं. "ते गॅरेजवर गेल्यावर शिकलो, सर." आणि गॅरेजवर उस्ताद काय शिकवतो? "हे एकदा बदलून बघू."

राहता राहिलो आपण. आपण वीस मिनिटं तपासणाऱ्या डॉक्टरला फी देतो. त्याने गोळी दिली नाही, "काही झालेलं नाही, घरी जा" म्हणाला तरी देतो. पण मिस्त्रीने चार तास गाडी तपासली, एक सैल वायर घट्ट केली आणि आठशे रुपये सांगितले, तर आपण म्हणतो, "काय केलंस रे? वायरच तर दाबलीस!" तोच आठ हजारांचा पार्ट घालून देतो तेव्हा आपण शंभर-दोनशे कमी करून घेतो आणि खुशीत घरी येतो. हातात वस्तू दिसली की आपल्याला पैसे वसूल वाटतात. डोकं वापरलेलं दिसत नाही, म्हणून त्याची किंमत नाही. अशा गिऱ्हाइकासमोर कुठलाही शहाणा मिस्त्री डोकं वापरायचं सोडून पार्टच विकेल. म्हणजे अंदाजाने पार्ट बदलायची ही पद्धत आपणच पैसे देऊन टिकवली आहे.

"भाऊ, गरीब मिस्त्री आहे, त्याला कशाला नियम शिकवता?" असं कोणी म्हणेल. मला उलट वाटतं. तपासणीची रास्त फी ठरली तर सगळ्यात जास्त फायदा त्याच मिस्त्रीचा आहे. पार्टवरचं कमिशन दुकानदार ठरवतो. हुशारीची फी त्याची स्वतःची असेल. आणि चकचकीत वर्कशॉप म्हणजे नेमकं निदान, असंही समजू नका. एसी वेटिंग रूममध्ये बसवूनही अंदाज करता येतो. जॉर्जियातल्या त्या मुलीने गाडी डीलरकडेच नेली होती.

तर मला काय हवंय ते थेट सांगतो.

एक, गाडी टाकताना विचारा, "तपासायचे किती घ्याल?" आणि ठरलेले पैसे दोष सापडला नाही तरी द्या. त्या बदल्यात काय तपासलं हे कागदावर घ्या. चार ओळी पुरतात: बॅटरी किती व्होल्ट, पेट्रोलचं प्रेशर किती, कोणता कोड, कोणती वायर बघितली. पुढच्या मिस्त्रीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

दोन, बदललेला जुना पार्ट परत मागा आणि पक्कं बिल घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ या हेल्पलाइनवर बोला. पुढे जिल्हा ग्राहक आयोग लातूरलाही आहे, नांदेडलाही आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण बिलाशिवाय तिथं उभं राहणं अवघड.

तीन, दोन्ही शहरांतल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी तपासणीचे दर ठरवून बोर्डावर लावावेत. हेअर कटिंगच्या दुकानात दरपत्रक असतं, गॅरेजमध्ये का नको? आणि दहा छोट्या गॅरेजनी मिळून एक चांगला स्कॅनर घेतला तर कोणाच्या अंगावर एकट्याचा बोजा येत नाही. आपल्याकडे मळणी यंत्र मिळून घेतात, मग हे का नाही?

चार, आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांनी मुद्दाम बिघडवलेल्या गाडीवर परीक्षा घ्यावी. एक वायर आतून तोडून ठेवा, पोराला मीटर द्या आणि म्हणा, शोध. पार्ट बदलायला परवानगी नाही. नांदेडला एसजीजीएससारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या प्राध्यापकांनी वर्षातून चार रविवार मिस्त्रींसाठी दिले तर शहराचं भलं होईल.

पाच, आरटीओ कार्यालयात गाडी नावावर करताना नव्या मालकाला एक चिठ्ठी द्या: तुमची गाडी कंपनीने परत बोलावलेल्या यादीत आहे का, इथं बघा. या चिठ्ठीला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही. लातूर आणि नांदेडच्या अधिकाऱ्यांना मी हे लेखी देणार आहे. उत्तर आलं तर इथेच टाकेन. नाही आलं तर तेही टाकेन.

आणि तोपर्यंत गाडी चालताना बंद पडली तर घाबरू नका. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबू नका. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदाच मदत मिळते, नंतर पेडल दगडासारखं होतं. एकदाच घट्ट दाबून, जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून गाडी डावीकडे घ्या. गाडी थांबेपर्यंत चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हॅझार्ड लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, माणसं रस्त्यापासून लांब उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, जीवाला धोका असेल तर ११२. रात्री गाडीच्या मागे उभं राहून धक्का मारायचा नाही. आपल्या या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक कसे येतात, ते मी वेगळं सांगायला नको.

कमेंटमध्ये एवढंच लिहा: गाडी कोणती, किती साली घेतली, कशी बंद पडायची, काय काय बदललं आणि शेवटी दोष कशात निघाला. गॅरेजचं नाव लिहू नका, भांडण नकोय. पन्नास जणांनी लिहिलं तर आपल्या दोन जिल्ह्यांपुरती का होईना, एक यादी तयार होईल. मी ती नीट करून पुन्हा पोस्ट करतो. सरकार मोजेल तेव्हा मोजेल, आपण आपलं मोजायला सुरुवात करू.